दुकान हळू उघडतंय म्हणून होस्टिंग बदलायचं? आधी वेळ कुठे जातो ते बघा

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: चिपळूणहून कोकम, आंबापोळी, मसाले विकता. वर्डप्रेस ह्या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगिन (जोड-प्रोग्राम) लावलंय, त्यात साधारण १४० वस्तू, दिवसाला १५-२० ऑर्डरी, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) सगळ्यात स्वस्त शेअर्ड, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. पान उघडायला आठ-नऊ सेकंद लागतात, पैसे भरायच्या पानावरून गिऱ्हाईक परत जातं, आणि कुणीतरी तुम्हाला व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी राखलेला भाग, घ्यायला सांगितलंय.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं आमच्या घरचं दुकान मी बरीच वर्षं ऑनलाइन चालवतोय. त्यात तीनदा होस्टिंग बदललं. एकदा ते खरंच गरजेचं होतं, एकदा पैसे वाया गेले आणि एकदा ऑर्डरी हरवल्या. तुमचं तसं होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आज रात्रीच एक गोष्ट करा. कॉम्प्युटरवर क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा आणि आपल्या दुकानाची तीन पानं उघडा: एका वस्तूचं पान, दोन वस्तू टाकून कार्टचं पान, आणि चेकआउट. प्रत्येक वेळी यादीतल्या पहिल्या ओळीवर क्लिक करून टायमिंग बघा. सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्यात किती वेळ गेला, तो आकडा तिथे वेगळा दिसतो. तो लिहून ठेवा. पान पूर्ण दिसायला लागलेला वेळ वेगळा लिहा. सर्व्हरच्या उत्तराचा पहिला बाइट (पहिला तुकडा) यायला ०.८ सेकंदापर्यंत लागले तर ठीक, असं गुगलचं मोजमाप आहे. छोट्या दुकानाला ते धरून चालायला हरकत नाही.

आता हे आकडे वाचायचे कसे? वस्तूच्या पानावर सर्व्हर अर्ध्या सेकंदात उत्तर देतोय आणि तरी पान नऊ सेकंदांनी दिसतंय, तर होस्टिंगचा दोष नाही. ते फोटो आहेत, किंवा जड थीम (दुकानाच्या दिसण्याचा साचा) आहे. फोनमधून काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. मुख्य पानाच्या स्लायडरमध्ये असे पाच मूळ फोटो लावले की रेंज कमी असलेल्या माणसाला १५-२० एमबी उतरवून घ्यावे लागतात. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे, वेबपी ह्या हलक्या प्रकारचे केले की प्रत्येकी शे-दीडशे केबीत बसतात. सर्व्हर कितीही महागाचा घेतलात तरी हे काम तुम्हालाच करावं लागणार आहे.

वस्तूचं पान झटकन येतंय पण कार्ट आणि चेकआउट तीन-चार सेकंद घेतायत, हा प्रकार दुकानांमध्ये फार दिसतो, आणि तुमचंही तेच असावं असं गिऱ्हाईक जिथून परत जातंय त्यावरून वाटतं. ह्याचं कारण नीट समजून घ्या, कारण होस्टिंगची निवड पूर्ण ह्यावरच अवलंबून आहे. वस्तूचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं, म्हणून कॅशे प्लगिन ते एकदा तयार करून ठेवतं आणि पुढच्या प्रत्येकाला तयार प्रत देतं. कार्ट मात्र प्रत्येकाची वेगळी. ती कॅशे करता येत नाही, करूही नये, नाहीतर एकाची पिशवी दुसऱ्याला दिसेल. म्हणजे कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ह्या पानांसाठी प्रत्येक वेळी वर्डप्रेस पहिल्यापासून सुरू होतं, सगळी प्लगिन चढतात, डेटाबेसला दीड-दोनशे प्रश्न विचारले जातात आणि मग पान तयार होतं. होस्टिंग कंपन्या जाहिरातीत वेग दाखवतात तो बहुतेक वेळा कॅशेतल्या पानाचा. तुम्हाला विकत घ्यायचाय कॅशे नसलेल्या पानाचा वेग.

पान तयार करायचं हे काम करणाऱ्याला पीएचपी वर्कर म्हणतात (पीएचपी ही वर्डप्रेस ज्यात लिहिलंय ती भाषा). एसटी स्टँडवरच्या तिकीटखिडकीसारखं आहे ते. एका खिडकीवर एका वेळी एकच माणूस. समजा तुमच्या प्लॅनमध्ये चार वर्कर आहेत आणि चेकआउटला दोन सेकंद लागतात, तर सेकंदाला दोनच माणसं पुढे सरकतात, बाकीची रांगेत. तेच पान एका सेकंदात तयार झालं तर त्याच चार खिडक्यांवरून दुप्पट माणसं जातात. म्हणून पान हलकं करणं आणि वर्कर वाढवणं, दोन्हीचा रांगेवरचा परिणाम सारखाच, आणि पहिलं फुकट आहे.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. एक पान तयार करायचं काम त्याच्या एकाच कोरवर (काम करणाऱ्या एका भागावर) चालतं. आठ संथ कोर दिले तरी एकट्या गिऱ्हाइकाचं चेकआउट त्याने लवकर होत नाही, फक्त गर्दी जास्त झेपते. एकट्याला लवकर उत्तर हवं तर कोर वेगवान लागतो. 'चार कोर, आठ जीबी' वाचून भुलू नका. दोन वेगवान कोर तुमच्या दुकानाला जास्त उपयोगाचे.

शेअर्ड होस्टिंगवर 'अमर्याद' लिहिलेलं असतं ते जागा आणि डेटा ह्यांच्याबद्दल. प्रोसेसर, मेमरी, डिस्कचा वेग आणि एका वेळी चालणारी कामं ह्यांना प्रत्येक खात्यामागे मर्यादा असतेच. तुमच्याकडे सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पान) असेल तर त्यात रिसोर्स युसेज नावाचं पान शोधा. बऱ्याच शेअर्ड सर्व्हरवर ते असतं. तिथे गेल्या २४ तासांत किती वेळा मर्यादा ओलांडली ते दिसतं. गिऱ्हाइकाला कधी ५०८ क्रमांकाची चूक दिसली असेल तर तीही ह्याचीच. तिथे रोज मर्यादा ओलांडली जात असेल, तर तुम्हाला खरंच मोठी जागा हवी आहे. एकदाही ओलांडली नसेल आणि तरी चेकआउट हळू असेल, तर होस्टिंग बदलून फारसं हाती लागणार नाही.

माझे पैसे इथेच वाया गेले. आमचं चेकआउट सहा सेकंद घेत होतं. मी तिप्पट किमतीच्या सर्व्हरवर गेलो, चेकआउट सहावरून साडेपाचावर आलं. मग क्वेरी मॉनिटर हे फुकट प्लगिन लावून बघितलं. कुरियरचं एक प्लगिन गिऱ्हाइकाने पिनकोड टाकला की त्या कुरियर कंपनीच्या सर्व्हरला दर विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहायचं. चार सेकंदांच्या वर तिथे जात होते. आमचा सर्व्हर रिकामा बसून वाट बघत होता. मी ते काढलं, महाराष्ट्र आणि गोवा एक दर, बाकी भारत दुसरा दर, असं वजनानुसार ठरवून टाकलं. चेकआउट सव्वा सेकंदावर आलं. तुमच्याकडे असं काही आहे का हे क्वेरी मॉनिटरमध्ये बाहेरच्या एपीआय कॉल्सच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या सर्व्हरला विचारलेल्या प्रश्नांच्या, यादीत दिसेल. बघून झालं की ते प्लगिन बंद करा.

ह्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी उरकून घ्या. पीएचपीची आवृत्ती बघा. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलं, तरी अजून तिच्यावर चालणारी दुकानं दिसतात. बॅकअप घेऊन नवी आवृत्ती लावा. वर्डप्रेसच्या साइट हेल्थ पानावर ऑटोलोड डेटाचा इशारा आहे का बघा. ८०० केबीच्या वर गेलं की नव्या वर्डप्रेसमध्ये तो येतो. काढून टाकलेली जुनी प्लगिन आपलं सामान तिथे सोडून जातात आणि ते प्रत्येक पानाबरोबर चढतं. आणि वर्डप्रेसची आतली वेळापत्रकाची कामं कुणीतरी पान उघडलं की सुरू होतात. ती तशी सुरू होणं बंद करून होस्टिंगच्या क्रॉन जॉबमधून (ठरल्या वेळी काम चालवायच्या सोयीतून) दर पाच मिनिटांनी चालवा.

एवढं करून पुन्हा तीच तीन पानं मोजा. मग होस्टिंगकडे वळा.

सर्व्हर कुठे आहे हे आधी विचारा. तुमचं गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर सरळ रेषेतही बारा हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि समुद्रातल्या तारा सरळ जात नाहीत. एका फेरीला २०० मिलिसेकंद तरी धरा. नवं कनेक्शन जोडून पहिला बाइट यायला अशा किमान तीन फेऱ्या होतात. म्हणजे सर्व्हरने काहीही काम करायच्या आधीच अर्ध्या सेकंदाच्या वर गेला. मुंबई किंवा बेंगळुरूतला सर्व्हर घेतला की हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे, गुगलचं २०१७ पासून, डिजिटल ओशनचं बेंगळुरूत आहे, त्यामुळे भारतातली जागा मिळणं अवघड राहिलेलं नाही. पण हेही लक्षात ठेवा की अंतराने अर्धा-पाऊण सेकंद खाल्ला जातो, नऊ नाही. क्लाउडफ्लेअर (साइटच्या फाइलींच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा), तिचा फुकट प्लॅन फोटो आणि फाइली जवळून देतो, पण तुमचं कार्टचं पान मूळ सर्व्हरवरूनच येणार.

आता व्हीपीएस. तुम्हाला नुसता, विनादेखभालीचा व्हीपीएस घ्यायला मी सांगणार नाही. तो स्वस्त दिसतो, पण त्याचे सुरक्षा अपडेट, फायरवॉल, डेटाबेसची मांडणी, बॅकअप, सगळं तुमच्या गळ्यात पडतं. एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्यांची धावपळ चालू असताना रात्री अकराला डेटाबेस बंद पडला तर उठून बघणारं माणूस घरात हवं. ते नसेल तर देखभालीसकट घ्या. तुमच्या दुकानाला भारतातला सर्व्हर, दोन कोर, चार जीबी मेमरी, एनव्हीएमई ही वेगवान डिस्क, पानं पाठवायला लाइटस्पीड किंवा एनजिनएक्स हे सॉफ्टवेअर, आणि डेटाबेसची उत्तरं मेमरीत धरून ठेवणारा रेडिस ऑब्जेक्ट कॅशे एवढं पुरेसं आहे. १४० वस्तूंचा डेटाबेस इतका लहान असतो की तो चार जीबीत पूर्ण मेमरीत मावतो. रिसोर्स युसेजमध्ये मर्यादा क्वचितच ओलांडली जात असेल, तर त्याच कंपनीचा वरचा शेअर्ड प्लॅनही चालेल, फक्त त्यात रेडिस मिळतं का आणि सर्व्हर भारतात आहे का हे लेखी विचारा.

विक्रीवाल्यांना विचारताना 'वेग कसा आहे' असं विचारू नका, सगळे उत्तमच सांगतात. पीएचपी वर्कर किती, बॅकअप रोज होतो का, किती दिवसांचे ठेवता, परत चढवायचे पैसे लागतात का, आणि नूतनीकरणाचा दर काय, हे विचारा. पहिल्या वर्षीचा दर आणि नंतरचा दर ह्यांत दुप्पट-तिप्पट फरक असतो, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. तीन वर्षांचे पैसे एकदम भरून स्वस्तात मिळतंय म्हणून भरू नका. एक महिन्याचं घ्या, दुकानाची प्रत तिथे चढवा, तीच तीन पानं मोजा. समाधान झालं तर वर्षाचं भरा.

जाहिरात करत असाल तर एक गोष्ट तपासायची राहू देऊ नका. फेसबुक-इन्स्टाग्रामवरून येणाऱ्या प्रत्येक दुव्याच्या शेवटी वेगळा लांबलचक कोड चिकटलेला असतो. कॅशे प्लगिनला तो कोड सोडून द्यायला सांगितलेलं नसेल, तर प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान नवं समजून पहिल्यापासून बनवलं जातं. म्हणजे पैसे देऊन आणलेल्या माणसालाच सगळ्यात हळू पान. बहुतेक चांगल्या कॅशे प्लगिनमध्ये ह्याची सोय असते. तुमच्यात चालू आहे का एवढं बघा.

शेवटी प्रत्यक्ष हलवण्याबद्दल, कारण आमच्या ऑर्डरी तिथेच हरवल्या. मी दुकानाची प्रत नव्या सर्व्हरवर नेली, दुपारी डीएनएस (दुकानाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद) बदललं आणि निश्चिंत झालो. पण काही लोकांचं नेटवर्क जुनाच पत्ता धरून होतं. दोन दिवसांत अकरा ऑर्डरी जुन्या सर्व्हरवर पडल्या, पैसे खात्यात जमा आणि नव्या दुकानात नोंदच नाही. गणपतीच्या आधीचे दिवस होते ते. लोकांचे फोन येऊ लागले तेव्हा कळलं. वर ऑर्डरींचे क्रमांकही दोन्हीकडे तेच. प्रत्येकाला फोन करून, हाताने नोंदी घालून सगळं निस्तरलं, पण दोन मुलांची खेळणी वेळेत पोचली नाहीत ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही असं करा. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (लोकांचं नेटवर्क जुना पत्ता किती वेळ धरून ठेवेल तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. तुमच्याकडे सगळ्यात कमी ऑर्डरी येतात ती वेळ निवडा, बहुतेक मंगळवार-बुधवारची पहाट. जुन्या दुकानावर 'देखभाल चालू आहे' असा फलक लावा आणि तो पुन्हा काढूच नका. फलक लागल्यानंतरच डेटाबेसची शेवटची प्रत घ्या, ती नव्या जागी चढवा आणि मग डीएनएस बदला. नव्या जागी एक रुपयाची वस्तू ठेवून यूपीआयने स्वतः विकत घ्या, ऑर्डरीचा ईमेल आला का बघा. दुकानाचा ईमेल जुन्या होस्टिंगवरच असेल तर त्याची सोय आधी वेगळीकडे करा, नाहीतर त्याच दिवशी टपालही बंद पडेल. पेमेंट गेटवे किंवा कुरियरकडे सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) नोंदवलेला असेल तर तोही बदलावा लागतो. जुनं होस्टिंग एक महिना तसंच ठेवा.

हे सगळं फेब्रुवारी संपायच्या आत उरका. मार्चमध्ये आंब्याची चौकशी सुरू झाली की दुकानाला हात लावू नका. तीन पानांचे आकडे आणि रिसोर्स युसेजचं पान काय दाखवतंय ते मोजून झालं की कळवा, मग कोणता प्लॅन घ्यायचा ते नेमकं सांगता येईल.