चिनी मालिकांत दाखवतात तशी राण्यांची बढती खरंच व्हायची का?

व्हायची, पण मालिकेइतकी झटपट क्वचितच. छिंग राजवटीत (1644–1912) सम्राज्ञीखाली सात दर्जे होते. वरच्या चारांत अनुक्रमे एक, दोन, चार आणि सहा जणींनाच जागा, खालच्या तिघांत कितीही. वर्षाची चांदी, रेशीम, दासी, रोजचं मांससुद्धा दर्जावर ठरे. निवड साधारण दर तीन वर्षांनी, तीही ‘आठ ध्वज’ या लष्करी गटांतल्या घरांतून. त्यामुळे बाजारात भेटलेली गरीब पोर थेट राणी, हे जरा अतिच.

खरी झेप हवी तर याच राजवटीतली राणी त्सशी बघा. 1852 मध्ये खालून तिसऱ्या दर्जावर आली, 1856 मध्ये मुलगा झाला, 1857 मध्ये वरून दुसऱ्या दर्जावर. 1861 मध्ये सम्राट वारला, आणि कोवळ्या मुलाच्या नावाने सूत्रं हिच्या हाती!

उलट छिएनलोंग सम्राटाची आई. पडद्यावर ती राजवाड्यात येऊन कारस्थानं शिकते. प्रत्यक्षात नवरा गादीवर बसण्याआधीपासून ती त्याच्या घरात होती; मुलगा 1711 चा, गादी 1722 ची. कारस्थानांचं म्हणाल, तर तिच्याबद्दल नोंदी फारच थोड्या. लेखकांना रान मोकळंच मिळालं.