एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) खात्यावर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) चालवायला स्टीमपाइप घ्यावं की क्लाउडक्वेरी?

आत्ता खात्यात काय चालू आहे एवढंच पाहायचं असेल तर स्टीमपाइप घ्या. जुन्या स्थितीशी तुलना हवी असेल तर क्लाउडक्वेरी. स्टीमपाइप पोस्टग्रेस डेटाबेसच्या फॉरेन टेबलांमधून (ज्यांचा डेटा बाहेरून येतो अशी टेबलं) थेट एडब्ल्यूएसच्या एपीआयला विचारतं, कॅशे (आधीची उत्तरं तात्पुरती जपणारा साठा) मुळात 300 सेकंदांचा. त्यामुळे ‘सिलेक्ट *’ (सगळे कॉलम मागणं) टाळाच: एस3च्या (फाइल साठवायची सेवा) टेबलात पॉलिसी, एन्क्रिप्शन, टॅग यांसाठी प्रत्येक बकेटमागे (फाइलींच्या साठ्यामागे) वेगवेगळे कॉल जातात, बकेट शेकडो असल्या की क्वेरी रेंगाळते आणि थ्रॉटलिंग (जास्त कॉल रोखणं) सुरू होतं. लागतील तेवढेच कॉलम मागितले तर बाकीचे कॉल होतच नाहीत. क्लाउडक्वेरी सगळं तुमच्या डेटाबेसमध्ये आणून ठेवतं. जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) झटपट होतात, पण माहिती शेवटच्या सिंकइतकीच (शेवटी आणली तेव्हाइतकीच) ताजी. इतिहास हवा तर राइट मोड ‘अपेंड’ (नव्या ओळी जुन्यांत भर घालणारा) ठेवा, नाहीतर जुन्या ओळी पुसल्या जातात. मात्र त्याचं एडब्ल्यूएस प्लगइन आता ओपन सोर्स राहिलेलं नाही. ओपन सोर्सच हवं ही अट पक्की असेल तर स्टीमपाइपच.