मुहूर्ताचा भाव

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा महाद्वार रोडवर तुझी आई भेटली. 'पोरगी हल्ली घरूनच काम करते,' म्हणाली. मी गप्प बसले. आदल्याच रात्री तुझा मेसेज आला होता. खराडीचं ऑफिस, दहा मिनिटांची व्हिडिओ मीटिंग, दुपारी लॅपटॉप जमा, चार वर्षांची नोकरी संपली. आणि शेवटी, 'मावशी, या इन्व्हेस्टमेंट बँकिंगच्या, म्हणजे कंपन्यांचे मोठे सौदे जुळवण्याच्या धंद्याला भवितव्य आहे का?'

ते सांगते, पण आधी कागदांचं. 'राजीनामा द्या, पुढे बरं दिसेल' असं तुला म्हणालेत. लगेच सही करू नकोस. राजीनामा दिलास की तू आपणहून गेलीस, मग नोटिशीचा पगार आणि अडकलेला बोनस यांवर भांडायला फारशी जागा उरत नाही. कामावरून का कमी केलं ते लेखी माग, हिशेबही लेखी माग. पीएफ मोडू नकोस. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच जातो, आणि त्यात आईबाबा आहेत. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेता येईल का, ते आजच विचार. २००८ साली माझं नेमकं हेच राहून गेलं आणि डिसेंबरात माझ्या बाबांना ॲटॅक आला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

तेव्हा मी मुंबईत एका परदेशी बँकेच्या सेटलमेंट डेस्कवर, म्हणजे झालेल्या व्यवहारांचे पैसे-शेअर चुकते करायच्या कामावर होते. १५ सप्टेंबरला अमेरिकेतल्या लेहमन ब्रदर्स या बड्या बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. आमची बँक तरली, पण दिवाळीनंतर आमचा अर्धा मजला रिकामा झाला. त्या अर्ध्यात मी. माझ्या कामात खोट काढली होती म्हणावं, तर महिन्यापूर्वीच शाबासकीची ईमेल आली होती. ती छापून बरेच दिवस जपली. कशाला, कोण जाणे.

हे कोडं मला बाबांनी सोडवून दिलं. ते इथल्या गूळ मार्केटात एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवाळी पाडव्याला नव्या गुळाचे सौदे निघतात. पहिल्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, जो दर मिळतो त्याचं गावभर कौतुक होतं. बाबा म्हणायचे, त्या दरावर वर्षाचा हिशेब मांडणारा शेतकरी शिमग्याला उचल मागायला येतो.

तुझ्या धंद्यातलं २०२१ हे साल म्हणजे तसला पाडवा होता. अमेरिकेत व्याज जवळजवळ शून्य, पैसा फुकटात, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे विक्रम. बँकांनी त्या भावावर भरती केली. तुलाही त्याच वर्षी घेतलं. मार्च २०२२ पासून फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, व्याज चढवायला घेतलं, ते जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेलं आणि सौदे थंडावले. गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेने जानेवारी २०२३ मध्ये ३,२०० च्या आसपास माणसं कमी केली. वर्षभराने सिटी बँकेच्या समूहाने २०२६ पर्यंत २०,००० जागा कमी करू म्हणून जाहीर केलं. मधल्या मार्चमध्ये यूबीएस या स्विस बँकेने क्रेडिट स्विस ही दुसरी स्विस बँक घ्यायचं ठरवलं, म्हणजे एका कामाला दोन-दोन माणसं झाली. इन्व्हेस्टमेंट बँकेला ना भट्टी, ना गोदाम. तिचा मोठा खर्च म्हणजे माणूस, त्यामुळे मंदी आली की कुऱ्हाड तिथेच पडते. चार सौदे परत आले की फोनही येतात. मला दीड वर्षाने आला होता, त्याच मजल्यावरून.

तुझ्या वेळेला मात्र एक फरक आहे, तो लपवत नाही. काही खुर्च्या कायमच्या गेल्या. गोल्डमनच्या न्यू यॉर्कमधल्या शेअर ट्रेडिंग डेस्कवर २००० साली ६०० जण होते, २०१७ पर्यंत दोन उरले. बाकी काम प्रोग्रॅम करतात. आता पाळी लिहिण्या-जुळवण्याच्या कामाची. त्याच बँकेचे प्रमुख डेव्हिड सॉलोमन २०२५ च्या जानेवारीत म्हणाले की आयपीओच्या, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकण्याच्या, ज्या मसुद्यावर सहा माणसं दोन आठवडे बसायची, त्याचा ९५ टक्के भाग एआय काही मिनिटांत करतं. तू रात्री दोन वाजता पिचबुकात, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायच्या सादरीकरणात, लोगो सरकवत बसायचीस, ते काम आता परत येणार नाही. चांगलंच झालं म्हणेन, पण त्याच कामावर नवी पोरं शिकायची, हेही खरं.

राहिलेल्या पाच टक्क्यांचं बोलू. अडत दुकानात वजन आणि खतावणी कुणीही करायचा. मालक बाबांना विचारायचे ते वेगळंच: कुणाचा गूळ पावसाळ्यात पाझरतो, कुणाला उचल दिली तर परत येते. गेल्या गणपतीत तू मला सांगितलंस, एका जर्मन पार्ट्स कंपनीचा शिल्लक माल विक्रीपेक्षा जोरात वाढत होता, तू ते दाखवलंस आणि साहेबांनी तळटीपेत ढकललं. बायोडेटाच्या पहिल्या पानावर ते घे, कंपनीचं नाव न लिहिता. बारा एक्सेल मॉडेल केली, हे कुणी वाचत नाही.

भारतात काम नाही असं समजू नकोस. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईचा २७,८७० कोटींचा आयपीओ इथेच झाला. छोट्या कंपन्यांच्या आयपीओवाल्यांकडे नोकरी पटकन मिळेल, पण जरा जपून. तिथले गैरप्रकार बघूनच शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२४ मध्ये नियम आवळले. दोन-अडीच लाखांच्या एआय कोर्सच्या जाहिराती येत असतील, त्या पुसून टाक.

आणि हे तुला आवडणार नाही: मुंबईच्या मुलाखती येईपर्यंत शिरोली एमआयडीसीत जा. माझ्या ओळखीची एक फाउंड्री आहे. ऑर्डरी भरपूर, तरी महिनाअखेरीला पगाराची ओढाताण. पैसा उधारीत अडकलाय की भंगाराच्या साठ्यात, ते मालकालाही नीट माहीत नाही. पगार तुझ्या जुन्या पगाराच्या चौथ्या हिश्शाइतका मिळेल. मालक तिरसट आहे, पण वह्या उघड्या ठेवतो.

गुरुवारी संध्याकाळी ये. येताना ते सहीचे कागद आण, आणि त्याआधी आईला खरं सांग. ती महाद्वारवर ज्या आवाजात बोलली, त्यावरून मला वाटतं तिला कळलंय.

तुझी,
मावशी