टाकी भंगारात का गेली, यावर आधी बोलू

नमस्कार,

नाशिकच्या इंदिरानगरहून पाठवलेलं तुमचं चार पानी पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीत गणितात 61, फिजिक्समध्ये 74. तिला समुद्रकिनाऱ्यांची धूप थांबवण्याचं इंजिनिअरिंग शिकायचंय, तुम्हाला तिनं कॉम्प्युटर घ्यावंसं वाटतं, आणि मी तिला 'दोन शब्द समजावून सांगावेत' अशी तुमची विनंती आहे. क्लासची फी, पुतण्याला पुण्यात लागलेली नोकरी, त्याचं पॅकेज, सगळं तुम्ही तपशीलवार लिहिलंय. तिसऱ्या पानावर मात्र एकच ओळ आहे: 'पूर्वपरीक्षेच्या आधी तिची ती काचेची टाकी भंगारवाल्याला देऊन टाकली, तेव्हापासून ती फारशी बोलत नाही, पण अभ्यासाला बसते.'

मला काळजी वाटली ती या ओळीची. तिच्या 61 गुणांची नाही.

ती टाकी म्हणजे काय होतं, हे तुमच्याच पत्रातून मला कळलं. रत्नागिरीजवळ मिऱ्याला तिची मावशी राहते. तिथला धूपप्रतिबंधक बंधारा लाटांनी वारंवार फोडलेला तिनं लहानपणापासून पाहिलाय. घरी येऊन तिनं माशांच्या जुन्या टाकीत वाळूचा उतार केला, फळी हलवून लाटा काढल्या आणि वाळूवर एक वीट उभी केली. मग तेच दगडगोट्यांचा उतार रचून केलं. तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिता की, 'वहीत नुसतं विटेपुढं किती सेंटिमीटर खड्डा पडला आणि गोट्यांपुढं किती, एवढंच आहे.' अहो, एवढंच नाही ते! उभ्या भिंतीवर लाट आपटते, तिची बरीचशी ऊर्जा परत फिरते, येणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा मिळून पायथ्याची वाळू उकरतात. दगडांच्या उतारावर तीच लाट फुटते, पाणी फटींमध्ये शिरतं, जोर जिरतो. म्हणून किनाऱ्यावर दगडांचे उतरते बंधारे घालतात, त्यांचा पायथा जपून बांधतात, आणि तरीही पायथा उघडा पडला की अख्खा बंधारा बसतो. सतरा वर्षांच्या मुलीनं हे कुणी न सांगता मोजलं. एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि नोंद ठेवली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना हे सुचतं.

आणि ते तुम्ही तिला न विचारता भंगारात घातलंत. स्पष्ट बोलते, राग मानू नका. हा अभ्यासाला लावलेला धाक नव्हता, तिच्या कामाचा अपमान होता. टेबलाशी गप्प बसलेली मुलगी अभ्यास करत असेलच असं नाही. घरात जे आवडतं ते लपवायचं, एवढं ती नक्की शिकली. पुढच्या चार वर्षांत कॉलेजात काही बिनसलं, तर ती तुम्हाला सांगेल का, याचा विचार करा.

आता तुमच्या पत्रातला एक गैरसमज. 'हल्ली सगळं संगणकावर होतं, टाकीत पाणी हलवायला कोण पगार देणार?' संगणकावर खूप काही होतं, हे खरं. पण लाट फुटताना वाळूचं नेमकं काय होतं, ते गणितात अजून पुरतं बसलेलं नाही. म्हणून प्रयोगशाळा लागतात. त्यातही गंमत अशी की लाट लहान करता येते, वाळू करता येत नाही. समजा, 1:25 प्रमाणात प्रतिकृती केली. अडीच मीटरची लाट 10 सेंटिमीटरची होईल, 10 सेकंदांनी येणारी लाट 2 सेकंदांनी येईल, कारण वेळ लांबीच्या वर्गमुळात घटतो. पण 0.2 मिलिमीटरची वाळू त्याच हिशेबानं 0.008 मिलिमीटरची करायला गेलात, तर तो गाळ होतो; तो वाळूसारखा वागत नाही. मग कोणी हलक्या पदार्थाचे कण वापरतं, तर कोणी कण पाण्यात खाली बसण्याचा वेग आणि लाटेची उंची, कालावधी यांचं गुणोत्तर जुळवतं. हे सगळं टाळायचं तर टाकीच मोठी करावी लागते. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला 300 मीटर लांब आणि साडेनऊ मीटर खोल कालवा आहे, तिथं साडेचार मीटरपर्यंतच्या लाटा काढतात. ज्याचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे, तो देश संगणक असूनही एवढा खर्च करतो. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, 1916 सालापासूनचं. तिथंही लाटांच्या टाक्या आहेत, आणि बंदरांचे बंधारे आधी तिथं छोट्या रूपात तपासतात. तुमच्या घरापासून रिक्षेनं जाता येईल अशी मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, दिंडोरी रोडवरची, 1959 सालापासूनची, धरणांच्या सांडव्यांच्या प्रतिकृती करते. पाण्याच्या टाक्यांवर पगार घेणारी माणसं तुमच्याच गावात आहेत.

'नाशिकला समुद्र कुठंय' हा तुमचा दुसरा मुद्दा. गंगापूर धरणावर जा. मातीचं धरण आहे, पाण्याकडच्या अंगाला दगडांचं पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर आहे. ते जलाशयातल्या लाटांसाठीच असतं. आणि गोदावरी इथून निघते, पण तिच्या वाळूवर आंध्रचा किनारा उभा आहे. वाटेतल्या धरणांमागं गाळ अडतो, मुखाशी कमी पोचतो, आणि त्रिभुज प्रदेशाची कड समुद्र खातो. देशाच्या किनाऱ्यापैकी साधारण एक तृतीयांश भाग झिजतोय, असं सरकारी पाहणीच सांगते. काम संपणारं नाही.

तरी मुलीलाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत, आणि त्या गोड नाहीत. गणितात 61 चालणार नाहीत. बंधाऱ्याच्या दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनात वाढतं: लाट दुप्पट, तर दगड आठपट. हे घन आणि वर्गमूळ तिच्या रोजच्या जेवणातले होणार आहेत. आणि या क्षेत्रात जागा कमी आहेत, सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरपेक्षा बहुधा कमी असतो. बंदरं, सल्लागार कंपन्या, सरकारी संशोधन, बस.

रस्ता सरळ आहे: एमएचटी-सीईटी किंवा जेईईतून सिव्हिल, मग गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मद्रास, आयआयटी मुंबई किंवा सुरतकलच्या एनआयटीत किनारा अभियांत्रिकीकडे वळणारं एमटेक. मद्रास आणि खरगपूरला पदवीपासून समुद्र अभियांत्रिकी आहे, पण त्याला जेईई ॲडव्हान्स्ड लागतं. सिव्हिलच करावं असं माझं मत. मधेच मन बदललं, तर रस्ते, धरणं, पाणीपुरवठा सगळं उघडं राहतं. तुमची निम्मी भीती इथं मिटायला हरकत नाही.

तिला कॉम्प्युटर समजावून सांगण्याचं काम मी करणार नाही. तुम्ही करायचं ते असं. तिची माफी मागा, 'पण' न लावता. मग तिला घेऊन जुनी टाकी विकत आणा, जमल्यास आधीपेक्षा लांब. परीक्षा होईपर्यंत ती कधी वापरायची, हे तिला ठरवू द्या; ती तुमच्यापेक्षा काटेकोर वेळापत्रक करेल, असा माझा अंदाज आहे. कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, कॉलेजं निवडण्याचा ऑप्शन फॉर्मही तिनं भरायचा, तुमच्या मोबाईलवरून तुम्ही नाही.

पुढचं पत्र तिचं येऊ दे. तिला सांगा, मला हे कळवायचंय: उतार किती ठेवला, लाट किती सेकंदांनी काढली, आणि विटेवरून परतलेली लाट फळीवर आदळून पुन्हा आली तेव्हा तिनं काय केलं. मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी परतलेली लाट ओळखून ती शोषणारी फळी असते. तिच्याकडे ती नव्हती, म्हणजे सुरुवातीच्या मोजक्या लाटांचीच नोंद भरवशाची. हे तिला आधीच लक्षात आलं होतं का, ते मला वाचायचंय.