लिनक्ससाठी पहिलं ग्राफिक्स कार्ड घेताय?

बजेट बेताचं असेल तर एएमडीचं आरएक्स ६६०० बघा. त्याचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) असतो, बाकीचं काम मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी करते. नवखे इथेच चुकतात: कंपनीच्या साइटवरून वेगळा ड्रायव्हर आणून चांगली चालणारी सिस्टीम बिघडवतात. गरजच नाही त्याची.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसलं तरी टाळाच. त्याला पीसीआयईच्या (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन आहेत, त्यामुळे जुन्या पीसीआयई ३.० स्लॉटमध्ये ते मंदावतं. शिवाय स्क्रीन रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगला लागणारा व्हिडिओ एन्कोडरही नाही. इंटेलच्या आर्क कार्डांचा ड्रायव्हरही ओपन सोर्सच आहे, पण मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर नको.

घेण्याआधी तपासा:
- पॉवर सप्लायला ८ पिनची केबल आहे ना?
- लिनक्स-फर्मवेअर पॅकेज (कार्ड सुरू व्हायला लागणाऱ्या फाइली) ताजं आहे ना? फर्मवेअर नसेल तर ड्रायव्हर सुरूच होत नाही, स्क्रीन काळी राहू शकते.

ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचं, नंतर बघू.