आमच्या तालुक्याचा पाणीप्रश्न विधानसभेत यावा यासाठी आमदाराकडे काय मागावं?

नुसतं निवेदन देऊ नका, तारांकित प्रश्नाचा (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो) तयार मसुदाच आमदारांच्या हातात ठेवा. सोबत ग्रामसभेचा ठराव आणि माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रं जोडा. निवेदन फायलीत पडून राहतं; प्रश्न स्वीकारला गेला की खात्याला आकडे काढून उत्तर द्यावंच लागतं, कारण विधिमंडळाच्या नियमांनी मंत्री त्याला बांधील असतो. तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या सार्वजनिक विषयाकडे सभागृहात मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, मांडायला सांगा. प्रश्नांची सूचना बरीच आधी जाते, त्यामुळे अधिवेशनाच्या तोंडावर नव्हे, दीड-दोन महिने आधीच भेटा. मात्र तुमचे आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाचे किंवा विधान परिषदेतले, पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले आमदार गाठा.