शेंडेनक्षत्राची धूळ आणि अकरावीचं गणित

औसा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी अकरावी सायन्सला, भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित असे चारही विषय घेतलेले. डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा डोळ्यांसमोर ठेवून लातूरला खोली घेऊन दिली, शिकवणी लावली. आता ती म्हणते, अवकाशयानांनी मोजलेल्या धूमकेतूच्या धुळीचा अभ्यास करायचाय. शिकवणीतले सर म्हणतात, गणित सोडा, वेळ वाचेल. वडिलांनी शेवटी विचारलंय, "धुळीचा अभ्यास करून पोट भरतं का, ते स्पष्ट सांगा."

दादा, नमस्कार.

पोट भरतं, पण उशिरा भरतं. आणि गणित सोडू देऊ नका. बाकीचं सगळं पत्र याच दोन गोष्टींसाठी आहे.

लेक काय म्हणतेय, ते शेतकऱ्याला लगेच कळेल. मळणीयंत्र येण्याआधी आपल्याकडे ज्वारी उफणायचे. वारा भुसा लांब नेतो, दाणा पायाशी पडतो. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. तो सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि ती धूळ घेऊन बाहेर पडते. पुढची उफणणी सूर्यप्रकाश करतो. प्रकाशालाही दाब असतो. बारीक कण तो लांब ढकलतो, जाड कण धूमकेतूच्या वाटेवरच मागे राहतात. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू आला तेव्हा गच्चीवरून मी तो रोज संध्याकाळी बघायचो. त्याची पिवळसर, पसरट शेपटी म्हणजे ही धूळच होती. आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची आणि बघू नको म्हणायची. मी बघितलंच.

आता मोजायचं कसं? १९८६ मध्ये युरोपचं जिओत्तो यान हॅलेच्या धूमकेतूपासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं, सेकंदाला ६८ किलोमीटर वेगानं. त्या वेगात धुळीचा कण गोळीपेक्षा वाईट. यानाचा कॅमेरा कायमचा निकामी झाला. मग युरोपनंच रोझेटा यान पाठवलं. ते ऑगस्ट २०१४ मध्ये ६७पी नावाच्या धूमकेतूपाशी पोचलं आणि सप्टेंबर २०१६ पर्यंत त्याच्या सोबत राहिलं. सोबत चालल्यामुळे धूळ यानावर हळू येत होती, सेकंदाला काही मीटर.

त्यावरच्या जिआडा या उपकरणाचं काम मुलीला कागदावर काढून दाखवायला सांगा. कण आधी लेसरच्या पातळ पडद्यातून जातो, तिथे चमकतो. मग खालच्या पट्टीवर आदळतो. दोन्हींमधलं अंतर माहीत आहे, लागलेला वेळ मोजला, की वेग निघाला. पट्टीवरच्या धक्क्यावरून संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, मिळाला. संवेगाला वेगानं भागलं की कणाचं वस्तुमान! दादा, हे अकरावीच्या पुस्तकातलं गणित आहे. काही कण पडद्यात चमकले, पण पट्टीला धक्काच जाणवला नाही. ते रुईच्या म्हातारीसारखे विरळ, पोकळ होते. सूर्यमाला जन्मली तेव्हाची, सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वीची धूळ अशी हलकी गोळा झालेली असते, हे त्या न लागलेल्या धक्क्यावरून कळलं. कोसिमा या दुसऱ्या उपकरणानं कण पट्ट्यांवर झेलून तपासले, तर वजनानं जवळपास निम्मा भाग कार्बनयुक्त सेंद्रिय पदार्थांचा निघाला. या मुलीला हेच खुणावतंय. ते उगाच खूळ नाही.

रस्ता सांगतो. नीटची शिकवणी बंद करायची गरज नाही. आयसर या विज्ञान संशोधन संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चौघांवर असते. तीन विषयांची तयारी चालूच आहे, फक्त गणित तेवढं धरून ठेवायचं. तोच अभ्यास भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेच्या नेस्ट या प्रवेश परीक्षेलाही कामाला येतो. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विज्ञान संस्था हवी असेल तर जेईई ॲडव्हान्स्ड लागते, म्हणजे तिथेही गणित. यातलं काही जमलं नाही तर आपल्याकडे भौतिकशास्त्रात बीएस्सी करून एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा देता येते. तो रस्ता कमी नाही.

पुढे पीएचडी. बारावीपासून धरलं तर दहा-अकरा वर्षं. पीएचडीच्या सुरुवातीला मिळणारी जेआरएफ ही शिष्यवृत्ती महिना ३७,००० रुपये असते, तेव्हा त्या वर्षांत तिला घरून पैसे मागावे लागत नाहीत. भारतात निव्वळ धूमकेतूच्या धुळीवरच्या जागा मोजक्याच, हे लपवणार नाही. पण अहमदाबादच्या पीआरएल या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं बनवलेलं धूळ मोजायचं उपकरण १ जानेवारी २०२४ ला पीएसएलव्ही रॉकेटवरून अवकाशात गेलं. काम सुरू झालेलं आहे. शिवाय नाजूक संवेदक आणि लेसर हाताळणं, गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढणं, हे ज्याला येतं त्याची गरज इतरत्रही असते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय, ते कामही याच जातीचं.

रोझेटाची मोजमापं युरोपच्या संग्रहात सगळ्यांना मोफत खुली आहेत. बारावीनंतरच्या सुट्टीत तिला पायथन ही संगणकाची भाषा शिकू द्या आणि त्यातले आकडे उघडू द्या. दोन महिन्यांत कंटाळली तर ते तिचं तिलाच कळेल, आणि तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणि एक करा. २१ ऑक्टोबरच्या आसपास, सोयाबीनच्या राखणीला शेतात असाल तेव्हा, तिला सोबत न्या. मध्यरात्रीनंतर मृग नक्षत्राच्या बाजूनं पडणाऱ्या उल्का म्हणजे हॅलेनं मागे टाकलेली धूळ. दोघांनी मिळून किती दिसतात ते मोजा, आणि आकडा मला कळवा.